चाकाची कुरबूर

श्रावणाच्या अखेरीस आमच्या जुन्या जीपच्या पुढच्या बाजूने एक घुमणारा आवाज येऊ लागला. प्रथम तो सौभाग्यवतींच्या ध्यानात आला. टायर झिजला असेल, असे सांगून मी विषय मिटविला. खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून वृद्ध आईला दर पंधरवड्यास बेळगावला डॉक्टरांकडे आणावे लागते. त्या धावपळीत चाकाच्या कुरबुरीकडे पाहण्यास सवड कुठली, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

दिवाळीच्या सुटीत जीप मेस्त्रीकडे नेली. हा माझा जुना विद्यार्थी. मैलभर चालवून आणताच तो म्हणाला, "सर, बेरिंग बोलालंय की! कधीपास्नं?" दोन महिन्यांपासून, हे सांगताना मला संकोच वाटला. वर्गात वेळच्या वेळी गृहपाठ करण्याचा उपदेश मीच त्याला केलेला!

मराठी विश्वकोशात बेअरिंगला 'धारवा' असा शब्द आहे. भार धारण करूनही चाकास मोकळेपणी फिरू देणे, हे त्याचे काम. पूर्वी बैलगाडीच्या आखाला वंगण घालीत, त्यामागील हेतू हाच. 1941 पासून अमेरिकी सैन्यासाठी तयार होऊ लागलेल्या विलीस जीपची जी रचना पुढे महिंद्रांनी मुंबईत चालू ठेवली, तिच्या पुढच्या प्रत्येक चाकात निमुळत्या रुळांची दोन बेअरिंगे असतात, एक आतल्या व एक बाहेरच्या बाजूस. रुळांसह आतला भाग तो कोन, आणि हबमध्ये घट्ट बसविलेले बाहेरचे कडे तो कप.

दोष ओळखण्याची रीत साधी आहे. वेग वाढेल तसा आवाज वाढतो. डावीकडे वळताना तो वाढला तर बहुधा उजव्या चाकात दोष असतो, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर पडतो. मग सपाट जागी इतर चाकांना दगड लावून चाक जॅकवर उचलावे, गाडीखाली भक्कम आधार द्यावा, आणि चाक वरखाली धरून हलवून पाहावे. ते खडखडले किंवा फिरविताना खरखर हाताला जाणवली, तर हब उघडलाच पाहिजे.

आमचा हब उघडला तेव्हा ग्रीस दुधाळ झालेले होते. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून जीप नेली होती. झिजलेल्या सीलमधून पाणी आत गेले आणि वंगण निकामी झाले. रुळांवर खवले पडले होते, काही जागी पोलाद तापून निळसर झाले होते. त्यातच पूर्वी कोणीतरी योग्य पान्याऐवजी छिन्नी-हातोड्याने नट फिरविल्याने त्याच्या कडा चेचल्या होत्या. कोन जाम होऊन आसावर फिरल्यामुळे आसही खरवडला होता. बेअरिंगाबरोबर तोही बदलावा लागला. श्रावणातच ऐकले असते, तर हा खर्च टळला असता.

कोन आणि कप नेहमी जोडीनेच बदलावेत. नवा कोन जुन्या कपात बसविणे ही खोटी काटकसर होय. मेस्त्रीने जुने कप पितळी दांड्याने, चहूबाजूंनी सारखे ठोके देत बाहेर काढले. हब रॉकेलने धुऊन कोरडा केला. तळहातावर ग्रीस घेऊन ते रुळांच्या फटींतून पलीकडे निघेपर्यंत दाबून भरले. सील नवेच बसविले.

खरे कौशल्य नट आवळण्यात आहे. चाक फिरवीत फिरवीत ते अडखळेपर्यंत नट घट्ट करावयाचा, आणि मग सुमारे एक षष्ठांश फेरा उलटा फिरवून सैल करावयाचा. नंतर वॉशर व दुसरा नट लावून वॉशरची कड दुमडावयाची. घट्ट राहिले तर बेअरिंग तापून जळते, फार सैल राहिले तर चाक डगमगते. काम झाल्यावर आठ-दहा मैल जाऊन हब हाताने चाचपावा. तो कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, तर नट पुन्हा तपासावा.

वाचकांपैकी ज्यांच्या दारी जुनी मोटार असेल, त्यांनी पाण्यातून गाडी नेली की हबमधील ग्रीस पाहून घ्यावे, एवढेच सुचवितो.

परवा आईला आणावयास गेलो. ती नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी, त्याच चाकाच्या बाजूस बसली. खानापूर ओलांडल्यावर सहज म्हणाली, "आज गाडी गप हाय की रे."

म्हणजे दोन महिने तिलाही तो आवाज ऐकू येत होता. माझी अडचण जाणून ती काही बोलली नव्हती.