ओपन इलेक्टिव्ह : आवडीचा विषय की सोयीची वेळ?

नवं सेमिस्टर सुरू होताना माझगावहून डॉकयार्ड रोडची लोकल पकडून फोर्टच्या कॉलेजात जाणारा विद्यार्थी सर्वात आधी पाहतो ते टाइमटेबल. अभ्यासक्रम नंतर.

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. मेजरसोबत मायनर, कौशल्य विषय, भारतीय ज्ञान परंपरा आणि ओपन इलेक्टिव्ह आले. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा. कॉमर्सच्या मुलीला मानसशास्त्र शिकता यावं, ही कल्पना चांगलीच आहे.

अडचण हिशोबात आहे. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. दोन क्रेडिटचा विषय म्हणजे ३० तास, आठवड्याला साधारण दोन. सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट भरायचे, म्हणजे दोन-दोन क्रेडिटच्या विषयांची रांगच लागते. त्यातलं एक लेक्चर सकाळी साडेसातला आणि पुढचं दुपारी एकला पडलं, की पार्टटाइम नोकरी गेलीच! मग मानसशास्त्र बाजूला राहतं आणि मधल्या वेळेत बसेल तो विषय घेतला जातो. कॅन्टीनमध्ये चर्चाही 'कुठले सर मार्क देतात' याचीच.

यात मुलांचा दोष थोडा आहे. कॉलेजं आधी पसंतीचा फॉर्म भरून घेतात आणि टाइमटेबल नंतर लावतात, तिथे निवड नावापुरतीच उरते. लेक्चरच्या वेळा आणि इंटर्नलचे मार्क कसे देणार, हे फॉर्मवरच छापायला फार खर्च येत नाही. निदान पुढच्या सेमिस्टरच्या फॉर्मपासून तरी हे व्हायला हवं.