नकार द्यायचाच असेल तर लेखी द्या

आंतरराष्ट्रीय विमानाचे तिकीट हातात आले म्हणजे प्रवास पक्का झाला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो पक्का करते चेक-इन काउंटर. आखातात नोकरीला निघालेला कोकणातला माणूस रात्रभर बसने मुंबई गाठतो, तीन तास आधी रांगेत उभा राहतो आणि काउंटरवरून उत्तर येते, 'तुम्हाला जाता येणार नाही.' का, ते कागदावर कुणी देत नाही.

दोष एखाद्या उद्धट कर्मचाऱ्याचा नाही. कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी नेला, तर दंड विमान कंपनीला होतो. आपल्याकडेही २००० सालच्या कायद्याने असा प्रवासी भारतात आणणाऱ्या कंपनीला १ लाख रुपये दंड ठरवला होता. उलट, कागदपत्रे पूर्ण असलेल्याला चुकून रोखले, तर तिकीट, रजा आणि कधीकधी नोकरीही त्याचीच जाते. मग शंका आली की कर्मचारी 'नाही' म्हणणारच.

शंकेला जागाही भरपूर. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश बंद केला. निवासी परवाना असलेल्यांना मात्र सवलत होती. एवढा बारकावा रांगेत पाच मिनिटांत निकाली निघतो, आणि त्यावर दाद मागायला वेळ उरत नाही.

जागांपेक्षा जास्त तिकिटे विकून प्रवाशाला मागे ठेवले, तर भरपाईचा नियम आहे. तासाभरात सुटणारे दुसरे विमान दिले तर काही नाही. २४ तासांच्या आत दिले तर कमाल १० हजार रुपये, त्याहून उशीर झाला तर कमाल २० हजार. युरोपीय संघात लांब पल्ल्यासाठी हीच रक्कम ६०० युरोपर्यंत जाते. पण आपली तुटपुंजी भरपाईसुद्धा वेळेवर पोहोचलेल्यालाच मिळते. वेळेवर पोहोचल्याची नोंद कोण ठेवते? कंपनीच. जून २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने भरपाई नाकारल्याबद्दल एअर इंडियाला १० लाखांचा दंड केला. दंड सरकारजमा होतो. रखडलेल्या प्रवाशाच्या खिशात त्यातला पैसाही येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ज्याला विमानात चढू दिले नाही, त्याला जागच्या जागी चिठ्ठी मिळाली पाहिजे. तिच्यावर तो काउंटरवर आल्याची वेळ, नकाराचे कारण, कोणत्या नियमाखाली आणि नकार देणाऱ्याचा क्रमांक असावा. ती असेल तर ग्राहक आयोगापुढे उभे राहता येते. नसेल तर कंपनीचा शब्द तोच पुरावा.

माहिती अधिकाराचा अर्ज फेटाळताना सरकारी अधिकाऱ्याला कारण लेखी द्यावे लागते. त्या अर्जाचे शुल्क १० रुपये. हजारो रुपयांचे तिकीट काढणाऱ्याला एवढाही हक्क का नसावा?