शिल्पावरील कर आणि ब्रांकुशीचा पक्षी

२०२५ च्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कराच्या दरांची जी फेररचना झाली, तिची चर्चा प्रामुख्याने मोटारी, विमा आणि साबण-टूथपेस्ट यांच्याभोवती फिरली. ते स्वाभाविकच होते. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या महिन्याच्या जमाखर्चात शिल्पकृतीचे खाते नसते. तथापि त्याच यादीत एक लहानशी नोंद होती. चित्रे आणि मूळ शिल्पे यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि २२ सप्टेंबरपासून नवा दर लागू झाला. कलेच्या बाजारपेठेत त्याचे स्वागत झाले. या सवलतीचा लाभ नेमका कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे : समोर ठेवलेली वस्तू शिल्प आहे की नुसताच धातूचा तुकडा, हे कर आकारणाऱ्या अधिकाऱ्याने ठरवावे कसे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. १९२६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क बंदरात तो प्रत्यक्ष उपस्थित झाला. रुमानियात जन्मलेला आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेला शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी याच्या सुमारे वीस कृती प्रदर्शनासाठी बोटीने आल्या होत्या. सोबत मार्सेल द्युशाँ हा चित्रकार होता. त्यांतील ‘अवकाशातील पक्षी’ नावाची कांस्यकृती छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन याने सहाशे डॉलरला विकत घेतली होती. खाली निमुळती, मध्ये किंचित फुगीर आणि वर तिरकी कापलेली, आरशासारखी लखलखीत अशी ती कृती; चोच नाही, पंख नाहीत, पिसेही नाहीत. अमेरिकेच्या १९२२ च्या जकात कायद्यानुसार कलाकृतींना जकात माफ होती. अधिकाऱ्यांनी मात्र ही वस्तू स्वयंपाकाची भांडी आणि रुग्णालयाचे साहित्य या सदरात घातली आणि तिच्यावर ४० टक्के जकात बसवली.

या अधिकाऱ्यांना हसणे सोपे आहे. पण त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. १९१६ च्या एका निवाड्याने शिल्पाची व्याख्या करून ठेवली होती : निसर्गातील वस्तूंचे त्यांच्या खऱ्या प्रमाणात केलेले अनुकरण ते शिल्प. या मोजपट्टीने पाहिले तर पंख नसलेला पक्षी बसत नव्हता. स्टायकेनला साक्षीत विचारण्यात आले, की हा पक्षी रानात दिसला असता तर तुम्ही त्याच्यावर बंदूक रोखली असती काय? सरकारतर्फे दोन शिल्पकारांनी ही कलाकृती नव्हे अशी साक्ष दिली, तर विरुद्ध बाजूने जेकब एपस्टाइन हा शिल्पकार आणि ब्रुकलिन संग्रहालयाचे संचालक उभे राहिले. कृती ‘मूळ’ आहे काय, हाही वाद होता. ब्रांकुशीने लेखी जबानीत सांगितले, की ओतकाम हा केवळ आरंभ. त्यानंतर कानस आणि पॉलिश यांचे सारे काम आपण स्वतःच्या हाताने केले.

२६ नोव्हेंबर १९२८ रोजी निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती वेट यांच्या निकालपत्राचा आशय असा, की अमूर्त कल्पना आकारात आणू पाहणारा एक नवा कलासंप्रदाय जन्मास आला आहे. आपल्याला तो रुचो वा न रुचो, त्याचे अस्तित्व न्यायालयाला मान्य केले पाहिजे. वस्तू सुंदर आहे, केवळ शोभेसाठी आहे, व्यावसायिक शिल्पकाराने घडवलेली आहे. तेव्हा जकात लागू होत नाही. हे निकालपत्र राजस्वाच्या वर्गात वाचून दाखवावे इतके ते मोलाचे आहे. अधिकाऱ्याने सौंदर्याचा निवाडा करावा असे ते म्हणत नाही. घडवणारा कोण आणि वस्तू कशासाठी, या तपासता येण्याजोग्या कसोट्या ते पुढे करते.

आपल्याकडील करसूचीत ‘कोणत्याही माध्यमातील मूळ शिल्प’ असे शब्द आहेत. म्हणजे साम्याची अट नाही, दगड, लोखंड, काच, लाकूड यांची सरमिसळही चालेल. शब्दयोजना उदार आहे. परंतु शेजारीच दुसरी एक नोंद आहे. जुलै २०१८ मध्ये दगड, संगमरवर आणि लाकूड यांच्या देवमूर्तींना हा कर माफ करण्यात आला. माफी योग्यच; पण तिच्यामुळे जुनी अडचण नव्या वेशात परत येते. महाराष्ट्राला अमूर्त शिल्प परके नाही. गावोगावी शेंदूर फासलेले तांदळे आहेत. त्यांना ना नाक ना डोळे, आणि तरी ते देवच आहेत. अशा तांदळ्याशेजारी एखाद्या आजच्या शिल्पकाराने घासून गोल केलेला बसाल्ट ठेवला, तर एकावर शून्य टक्के आणि दुसऱ्यावर ५ टक्के हा भेद दगडात दिसणार नाही. तो पाहणाऱ्याच्या श्रद्धेत आहे, आणि श्रद्धा बिजकावर लिहिता येत नाही.

आता लाभाचा प्रश्न. वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला सामान्यतः नोंदणीची सक्ती नाही. कलाशाळेतून बाहेर पडलेला तरुण शिल्पकार बहुधा या मर्यादेच्या फार खाली असतो. तो आपल्या विक्रीवर कर लावतच नव्हता. त्यामुळे १२ चे ५ झाले म्हणून त्याचे काही स्वस्त होत नाही. पण तो जे पोलाद, जे तांबे-कांसे विकत घेतो त्यावर १८ टक्के कर भरतो आणि नोंदणी नसल्याने त्याची वजावट त्याला मिळत नाही. नोंदणीकृत विक्रेत्याला मात्र वजावटही आहे आणि कच्च्या मालावरील दर जास्त असल्यास परताव्याची तरतूदही आहे. सवलत मोठ्या कलादालनाला आणि त्याच्या ग्राहकाला पोहोचते. वेल्डिंगच्या झोतापुढे उभा असलेला माणूस होता तेथेच राहतो. चित्रकाराचा कॅनव्हास तुलनेने स्वस्त असतो. धातूच्या शिल्पकाराला मात्र कृती विकली जाण्यापूर्वीच भांडवल गुंतवावे लागते, आणि ती पाच वर्षे विकली गेली नाही तर व्याजही सोसावे लागते. कलाशाळांनी सामाईक ओतशाळा चालवाव्यात, तेथील खरेदी एकत्र व्हावी आणि तिच्यावरील कराची भरपाई सरकारने करावी, हा उपाय दरकपातीपेक्षा कमी खर्चाचा आणि अधिक नेमका ठरला असता.

ब्रांकुशीच्या पक्ष्यांचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी १९३० नंतरच्या दशकात त्याचे तीन पक्षी घेतले : एक कांस्याचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी इंदुरास एक ध्यानमंदिर उभारायचे ठरले. १९३८ च्या आरंभी ब्रांकुशी स्वतः इंदुरास होता. मंदिर झाले नाही, तो परतला. त्याच वर्षी रुमानियातील तिर्गू झिऊ येथे त्याचा सुमारे एकोणतीस मीटर उंचीचा ओतीव लोखंडी ‘अनंत स्तंभ’ उभा राहिला, आणि २०२४ मध्ये तेथील शिल्पसमूह युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. होळकरांच्या संग्रहातील संगमरवरी पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाने विकत घेतले. ते कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात आहेत. महाराजांच्या माणिकबाग राजवाड्यात सध्या केंद्रीय करखात्याचे कार्यालय आहे.

पुरावस्तू आणि कलानिधी यांविषयीचा आपला कायदा १९७२ चा. तो अमलात आला १९७६ मध्ये. अर्थात तो आधी अमलात असता तरीही पक्षी थांबले नसते. शंभर वर्षांच्या आतील कृतीला निर्यातबंदी लागू होण्यासाठी सरकारने तिला राजपत्रात कलानिधी म्हणून घोषित करावे लागते. आजवर ज्यांच्या कृती अशा घोषित झाल्या ते नऊ कलावंत म्हणजे राजा रविवर्मा, रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. एकूण एक चित्रकार म्हणूनच गाजलेले. निर्यातबंदीने कृतीची बाजारातील किंमत उतरते आणि वारसदारांचे नुकसान होते, हा आक्षेप खरा आहे; म्हणून घोषणेसोबत सरकारी खरेदीची तरतूद हवी. पण शिल्पकारांच्या बाबतीत त्या वादापर्यंत पोहोचण्याचीही वेळ आलेली नाही. रामकिंकर बैज १९८० मध्ये वारले, आदी दावियरवाला १९७५ मध्ये, पिलू पोचखानवाला १९८६ मध्ये. कृतीचा कर्ता हयात नसावा ही कायद्याची अट तिघांच्याही बाबतीत केव्हाच पूर्ण झाली आहे, आणि त्यांची नावे यादीत घालण्यासाठी संसदेपुढे जावे लागत नाही. राजपत्रातील एक अधिसूचना पुरते.