सहलीची होडी आणि बेटाचा हिशेब

एखाद्या ऐतिहासिक किनारी शहरातून सकाळी निघावे, समोरचे बेट पाहावे आणि दिवे लागण्याच्या आत परतावे, हा पर्यटनाचा प्रकार वरवर अगदी निरुपद्रवी भासतो. मुक्काम नसल्याने हॉटेलांचा प्रश्न येत नाही, मोठ्या गुंतवणुकीची अपेक्षा नसते. त्यामुळे धोरणाच्या कागदांत या सहलींचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो. प्रशासनात तीन दशकांहून अधिक काळ घालवल्यानंतर माझे मत मात्र वेगळे झाले आहे. अशा सहलीत सगळी माणसे साधारण एकाच वेळी निघतात, एकाच धक्क्यावर उतरतात आणि संध्याकाळी शेवटच्या होडीसाठी एकदमच गर्दी करतात. धक्का, होडी, हवामान आणि गर्दी या चारही गोष्टी त्या एका तासात कसाला लागतात.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी कोचीइतके चांगले उदाहरण देशात नाही. या शहराचा जन्मच पाण्याच्या उलथापालथीतून झाला. १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुराने प्राचीन मुझिरिस बंदराचे मुख गाळाने भरले आणि दक्षिणेला कोचीचे मुख मोकळे झाले, असे इतिहासकार सामान्यतः मानतात. पुढे १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ला उभारला, १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज. रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली १९२० व १९३० च्या दशकांत बंदरातून उपसलेल्या गाळातून तर विलिंग्डन हे अख्खे बेट तयार झाले. सत्ता बदलल्या, पण एक गोष्ट बदलली नाही. शहराच्या गरजेनुसार बेटांचा विचार झाला. बेटांच्या गरजेनुसार शहराचा विचार क्वचितच झाला.

वैपीनचे उदाहरण घ्या. एर्णाकुलम डोळ्यांसमोर दिसत असूनही येथील रहिवाशांना रुग्णालय, महाविद्यालय आणि नोकरी गाठण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या होडीवर विसंबावे लागले. बोळगट्टी व वल्लारपाडममार्गे वैपीनला जोडणारे गोश्री पूल २००४ मध्ये खुले झाले, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तावन्न वर्षांनी. पुढे वल्लारपाडमचे कंटेनर टर्मिनल आले. त्याच्या रस्ता व रेल्वे जोडणीसाठी २००८ मध्ये मूलंपिल्ली आणि परिसरातील ३१६ कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांच्या पुनर्वसनाचा लढा कित्येक वर्षे चालला. बेटवासीयांच्या मनात ‘विकास’ या शब्दाविषयी जी साशंकता आहे तिची मुळे येथे आहेत.

या पार्श्वभूमीवर २५ एप्रिल २०२३ रोजी सुरू झालेली कोची जलमेट्रो ही खरोखर वेगळ्या विचाराची योजना आहे. सुमारे ७६ किलोमीटरचे मार्ग, ३८ स्थानके, ७८ नौका आणि १० बेटे असा तिचा मूळ आराखडा. नौका कोचीन शिपयार्डने बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या. जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचे कर्ज तिला लाभले. प्रारंभी उच्च न्यायालय ते वैपीन आणि वैट्टिला ते काक्कनाड हे दोनच मार्ग होते. वर्षभराने फोर्ट कोचीचा मार्ग जोडला गेला. तिचा मूळ हेतू बेटावरच्या माणसाला स्वस्त, भरवशाची वाहतूक देणे हा होता. पण स्वच्छ, वातानुकूलित नौका आणि माफक भाडे पाहून पर्यटक तिकडे वळले नसते तरच नवल. सुटीच्या दिवशी फोर्ट कोचीच्या रांगेत कोण उभे असते, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

यात पर्यटकाचा दोष नाही. दोष असलाच तर नियोजनात. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या होडीत परिचारिकेची पाळी चुकवणारी रांग आणि छायाचित्रासाठी आलेल्या कुटुंबाची रांग एकच असेल, तर योजनेचा मूळ लाभार्थी हळूहळू मागे सरकतो. शिवाय प्रवाशांची संख्या वाढली की योजना यशस्वी ठरते आणि पुढची नौका गर्दीच्याच मार्गावर जाते. कमी लोकवस्तीचे, पण होडीवाचून गत्यंतर नसलेले बेट यादीत खाली राहते.

दुसरी अडचण अधिकारक्षेत्राची. सहल आखली जाते महानगरात. वाहनतळ, उपाहारगृहे आणि तिकीटविक्री यांचे उत्पन्नही तिथेच राहते. मुळवुकाड, कडमक्कुडी किंवा वैपीनवरील गावे मात्र स्वतंत्र ग्रामपंचायती आहेत. कचरा उचलणे, स्वच्छतागृहे, अरुंद रस्ते हा भार त्यांच्यावर. मराठी वाचकाला हे चित्र अपरिचित नाही. घारापुरीची होडी सुटते मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून, पण बेट आहे रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात. १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या गावांना समुद्राखालील केबलने कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये. एकतीस वर्षे जगभरचे पाहुणे येथे दिवसा येऊन गेले आणि संध्याकाळी गाव अंधारात राहिले. एका दिवसाच्या पर्यटनाचा याहून बोलका हिशेब मला ठाऊक नाही.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न जिवाचा. केरळने याची किंमत वारंवार मोजली आहे. २००२ मध्ये कुमरकोमजवळ २९, २००९ मध्ये तेक्कडीच्या जलाशयात ४५, २०१५ मध्ये फोर्ट कोचीच्या मुखाशी मासेमारी नौकेच्या धडकेत ११, आणि ७ मे २०२३ रोजी तानूर येथे २२ जण बुडाले. तानूरची दुर्घटना जलमेट्रोच्या उद्घाटनानंतर अवघ्या बारा दिवसांनी घडली. मासेमारीच्या होडीत फेरफार करून ती पर्यटकांसाठी वापरली जात होती आणि तीत क्षमतेहून अधिक माणसे होती. एकाच राज्यात, एकाच महिन्याच्या अंतरात, जलवाहतुकीची सर्वोत्तम व्यवस्था आणि तिचा संपूर्ण अभाव असे दोन्ही दिसले. मुंबईत १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जणांचा बळी गेला. धडकेचा दोष प्रवासी नौकेकडे जात नाही. पण तीत शंभरहून अधिक माणसे होती, हे सत्य त्यामुळे पुसले जात नाही.

कायदा नाही, असे म्हणता येणार नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. नोंदणी, तपासणी आणि विमा यांना देशभर एकसूत्रता देण्याचा त्याचा उद्देश आहे. परंतु राज्यघटनेने राष्ट्रीय जलमार्ग संघसूचीत, यांत्रिक नौकांची अंतर्देशीय वाहतूक समवर्ती सूचीत आणि उर्वरित विषय राज्यसूचीत ठेवला आहे. त्यावर बंदर, पर्यटन, पोलीस, पंचायत असे विभाग. अपघातानंतर प्रत्येकाकडे आपापल्या हद्दीचा नकाशा तयार असतो. धक्क्यावर माणसे मोजून होडी अडवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, याचे एका वाक्यात उत्तर मिळत नसेल, तर उत्तम कायदाही तिथे पोहोचत नाही.

परदेशाचे अनुभवही पाहावेत. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. त्याने गर्दी फारशी कमी झाली का, यावर तिथेच वाद आहे. तरी एक तत्त्व त्यातून मान्य झाले: जो मुक्काम करत नाही, तोही त्या जागेचा काही भाग वापरून जातो आणि त्याची किंमत असते.

आपल्याकडे काय करता येईल? पहिले, सहलीची क्षमता शहराच्या मागणीवरून न ठरवता परतीच्या वाहतुकीवरून ठरवावी. शेवटच्या दोन फेऱ्यांत जितकी माणसे सुरक्षित परत आणता येतील, त्या हिशेबानेच दुपारची तिकिटे विकावीत. दुसरे, रहिवाशांसाठी पास आणि स्वतंत्र रांग असावी, तसेच गर्दीच्या वेळी पर्यटकांचे भाडे वेगळे असावे. तिसरे, प्रत्येक तिकिटातील ठरावीक वाटा थेट बेटाच्या ग्रामपंचायतीच्या खात्यात जावा आणि त्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढे यावा. चौथे, प्रत्येक धक्क्यावर एकच जबाबदार अधिकारी असावा. हवामान, प्रवासीसंख्या किंवा जीवरक्षक जॅकेट यांपैकी कोणत्याही कारणासाठी होडी रोखण्याचा त्याचा निर्णय जागच्या जागी अंतिम असावा.

पाचवी सूचना जमिनीविषयी आहे. कडमक्कुडीसारख्या बेटांवर पोक्कळी भात पिकते. पावसाळ्यात खारे पाणी सौम्य होते तेव्हा भात, आणि नंतर त्याच शेतात कोळंबी, ही शेती गोव्यातील खाजणांची आठवण करून देते. पर्यटक पाहायला येतात ते हेच दृश्य. पण सहलीचा ओघ वाढताच बांधावर खानावळ आणि शेतात भराव येऊ लागतो. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने अशा बेटांवरील बांधकाममुक्त पट्टा २० मीटरपर्यंत आखडता घेतला आहे. तेव्हा शेत राखणाऱ्याला पर्यटनाच्या उत्पन्नातून मोबदला मिळाला नाही, तर काही वर्षांत पाहण्याजोगे शेतच उरणार नाही.

कोचीच्या धर्तीवर देशातील इतर शहरांतही जलमेट्रोचा विचार सुरू झाला आहे. मुंबईचे नावही त्यात आहे. नौका विकत घेता येतात, स्थानके दोन-तीन वर्षांत बांधता येतात. अवघड काम त्यानंतरचे आहे. अशा प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर प्रवासीसंख्येच्या अंदाजाबरोबर आणखी एक रकाना असावा, अशी माझी सूचना आहे: शेवटची होडी निघून गेल्यावर बेटावरच्या माणसाला रात्री आजारी पडल्यास पलीकडे जाण्याची कोणती सोय असेल? हा रकाना कोरा असेल, तर प्रस्ताव परत पाठवावा.