वर्गणीचा गणपती, खजिन्याचा गणपती

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. पाठोपाठ १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० रुपयांचे अनुदान जाहीर झाले. रक्कम लहान आहे. पायंडा लहान नाही.

जुन्नर-आंबेगावच्या कार्यकर्त्यांनी या निर्णयाचा विचार लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून करावा. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज जेथे विराजमान आहे, ते सातवे लेणे मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार होय. शेजारच्या सहाव्या लेण्यात पूजेचा विषय मूर्ती नव्हे, स्तूप. ते चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले, असे शिलालेख सांगतो. जुन्नरच्याच आणखी एका लेखात धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान केल्याची नोंद आहे. मानमोडीच्या डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याचेही दान आहे, हे खरे. परंतु या लेखांत भेटतात ते मुख्यतः व्यापारी, कारागीर, गृहस्थ, काही यवनसुद्धा. स्तूपाच्या शेजारी गणपती आला, पूजाविधी बदलले. श्रद्धेचा खर्च मात्र श्रद्धाळूच करीत राहिला.

लोकमान्यांनी १८९३ नंतर चव्हाट्यावर आणलेला उत्सवही वर्गणीवरच उभा राहिला, आणि तोही परक्या सरकारच्या संशयी नजरेखाली. वर्गणी देणारा मंडळाकडे हिशोब मागू शकतो, पटले नाही तर पुढच्या वर्षी हात आखडता घेतो. (वर्गणीत खंडणी शिरली, हा निराळा रोग आहे.) करदात्याला ती मुभा नाही. अनुदान घेणाऱ्या मंडळाच्या देखाव्यात सत्ताधाऱ्यांवर टीका कितपत उरेल, हेही उघड आहे.

घटनेचा अनुच्छेद २७ आड येईलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हज अनुदानाच्या प्रकरणात, कराचा मोठा हिस्सा एखाद्या धर्मासाठी वापरला तरच त्याचा भंग होतो, असा अर्थ लावला. पुढे २०१८ मध्ये ते अनुदान बंद झाले, तेव्हा धर्मावर सरकारी पैसा नको म्हणून टाळ्या वाजवणारे आज गप्प का?

येथे मूर्तिपूजेची टवाळी करणे हा करंटेपणा ठरेल. ज्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण दीडशेहून अधिक माणसांसह गाडले गेले, तेथील हिरडा वेचणारा आदिवासी आपला देव स्वतः सांभाळतो. जुन्नर आणि घोडेगावच्या तहसील कचेऱ्यांत कार्यकर्त्यांनी आता माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकावेत: कोणत्या मंडळास किती अनुदान मिळाले, आणि कोणाच्या शिफारशीने?