नवा लॅपटॉप आला, नेट मात्र रेंगाळते



निकाल लागले की आमच्या शिरवळच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या घरांत लॅपटॉप येऊ लागतात. कुठे अब्बांच्या बोनसमधून, कुठे अम्मीच्या भिशीतून, कुठे आखातातल्या मामूंनी पाठवलेल्या पैशांतून. आठ-पंधरा दिवस गेले की शाळेच्या फाटकाशी आम्हाला कोणीतरी गाठतेच. ‘‘सर, लॅपटॉप नवाकोरा आहे, पण नेट फारच हळू. मोबाइलवर तर पळतं. पीसच खराब दिला बहुतेक.’’ यंदा हे इतक्यांदा ऐकले की या महिन्याचे पान त्यालाच देत आहोत.

आमचे म्हणणे आधीच सांगतो. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका आणि घाईने नेटचा मोठा प्लॅनही घेऊ नका. नेट लॅपटॉपच्या पडद्यापर्यंत येईतो पाच ठिकाणी अडू शकते : बाहेरून येणारी तार, घरातला राउटर, राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधली जागा, लॅपटॉप स्वतः आणि पलीकडची वेबसाइट. कुठे अडते आहे हे कळल्याशिवाय खर्च केलेला रुपया वायाच जायचा.

शोधायची रीत सोपी आहे. लॅपटॉप आणि एक मोबाइल राउटरपासून दोन हातांवर ठेवा. दोन्ही त्याच वायफायवर हवेत, मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवा. नाहीतर तुलना चुकते, आणि ‘मोबाइलवर पळतं’ म्हणणाऱ्या निम्म्या घरांत हेच झालेले असते. मग आळीपाळीने दोन्हींवर वेग मोजा. मोजायला फास्ट डॉट कॉम आहे, मोबाइलसाठी ट्रायचे मायस्पीड अॅप आहे. आलेले आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहा. मग जिथे बसून मूल अभ्यास करते तिथे जाऊन पुन्हा मोजा. एकदा सकाळी आणि एकदा इशानंतर. वेग मोजण्यातही डेटा खर्च होतो, म्हणून हॉटस्पॉटवर असाल तर एकदोनदाच.

आकडे वाचताना एक गोंधळ होतो. कंपनी सांगते ४० एमबीपीएस, आणि फाइल उतरवताना पडद्यावर दिसते ५. लोक म्हणतात, लुबाडले! लुबाडलेले नाही. कंपनी बिटमध्ये मोजते, फाइल बाइटमध्ये मोजली जाते, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात, अधेलीत आठ आणे असायचे तसे. ४० ला आठने भागा, ५ येतात. म्हणजे ६०० एमबीची फाइल दोन मिनिटांत उतरली तर तुमचे ४० चे नेट पूर्ण मिळते आहे.

आता ज्यांच्या घरी वायफाय नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालतो, त्यांच्याविषयी. आमच्या पाहण्यात अशी घरे पुष्कळ आहेत. रोजचा दीड जीबीचा रिचार्ज मोबाइलला पुरतो, कारण मोबाइल आपण वापरू तेवढेच खातो. नवा लॅपटॉप मात्र न विचारता खातो. विंडोज चालू झाल्या झाल्या मागे राहिलेले अपडेट उतरवू लागते, आणि ते काही जीबींचे असू शकतात. दुपारपर्यंत दिवसाचा कोटा संपतो आणि बहुतेक प्लॅनमध्ये त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. २ एमबीची एक पीडीएफ उतरायला चार मिनिटांहून जास्त. पंचवीस वर्षांपूर्वी टेलिफोनच्या तारेवर मोडेम किरकिरायचा, त्या जमान्याचाच हा वेग. घरचे म्हणतात लॅपटॉप मंद आहे, खरे तर लॅपटॉपने तुमचा दिवसाचा शिधा सकाळीच संपवलेला असतो.

यावर उपाय आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट उघडा, वायफायमध्ये आपल्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. डेटा मोजून मिळतो आहे हे विंडोजला कळले की ते मोठे अपडेट सहसा थांबवून ठेवते. अपडेट कायमचे टाळू नका, त्यांतच सुरक्षेची दुरुस्तीही असते. ज्या नातेवाइकांकडे फायबर आहे त्यांच्याकडे एक दिवस लॅपटॉप चार्जरसकट न्या आणि सगळे उतरवून घ्या. खालाच्या घरी जायला तेवढेच निमित्त.

ज्यांच्याकडे वायफाय आहे त्यांनाही पहिल्या आठवड्यात हाच अनुभव येतो. राउटरजवळ मोबाइल ३५ दाखवतो आणि लॅपटॉप ८, तर आधी पाहा की लॅपटॉप आत काय करतो आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘नेटवर्क’ या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा. जो कार्यक्रम सर्वांत जास्त नेट खातो तो वर येतो. बहुधा तिथे विंडोज अपडेट दिसेल, नाहीतर वनड्राइव्ह. लॅपटॉप सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते उघडलेले असते, आणि मग बऱ्याचदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो आपोआप वर चढू लागतात. फुकट जागा फक्त ५ जीबी, आणि आपण जुन्या मोबाइलमधले भाच्याच्या शादीचे सगळे व्हिडिओ नुकतेच लॅपटॉपवर टाकलेले. वर चढणारा माल वाट अडवतो तेव्हा खाली येणाराही खोळंबतो. वनड्राइव्हच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करून ‘पॉज’ करता येते, आणि कोणते फोल्डर चढवायचे तेही ठरवता येते. लॅपटॉपबरोबर फुकट मिळालेले काही दिवसांचे अँटिव्हायरसही कधी कधी वेग खाते. ते काढले तर विंडोजचे स्वतःचे संरक्षण चालू आहे ना, एवढे पाहून घ्या.

यापुढचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. राउटरजवळ लॅपटॉप चांगला चालतो, पण अभ्यासाच्या जागी चालत नाही.

पेठेतल्या एका घरी आम्हाला बोलावले होते. मुलगी बारावी सायन्सची, सीईटीची तयारी करणारी. अम्मीने दोन वर्षांच्या भिशीतून लॅपटॉप घेतला होता. सराव परीक्षा ९० मिनिटांची, घड्याळ चालू राहायचे आणि पुढचा प्रश्न उघडायचाच नाही. तीन परीक्षा अर्ध्यावर सुटल्या. घरात आता एक वेगळेच बोलणे सुरू झाले होते. मोठा भाऊ म्हणाला, ‘‘सर, हिला लॅपटॉपचं जमत नाही. परत करतो किंवा विकून टाकतो.’’ मुलगी दारामागे उभी राहून ऐकत होती. मशीनविषयीचा निकाल मुलीवर लागत होता, आणि म्हणून आम्ही चहा बाजूला ठेवून आधी मोजायला बसलो.

राउटर बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या मागे, काचेच्या शोकेसमध्ये. तिथे लॅपटॉपवर ३८ आले. मुलगी बसायची ती मागच्या खोलीत, कारण बैठकीत पाहुण्यांची ये-जा आणि दिवसभर टीव्ही. मध्ये जुन्या घराची हात-दीड हात जाडीची दगडमातीची भिंत, तिला लागून लोखंडी कपाट, त्यापुढे स्वयंपाकघर. मागच्या खोलीत मोजले तर ३. लॅपटॉपमध्ये काही बिघाड नव्हता आणि मुलीमध्येही नव्हता.

बहुतेक घरांत असेच असते. फायबर जोडायला येणारा मुलगा दारातून आत येतो, पहिल्या खोलीत डबा ठोकतो आणि जातो. पहिली खोली पुरुषांची आणि पाहुण्यांची. मुली आणि बायका अभ्यास किंवा काम करतात ती खोली घराच्या आत. नेटचे पैसे घर देते, पण ते पोहोचते फक्त बैठकीत. राउटर कुठे ठेवायचा हे ठरवताना टीव्हीला विचारू नये, ज्याला त्यावर परीक्षा द्यायची आहे त्याला विचारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या घरातल्या दादाजींची अडचण वेगळी होती. ‘‘सर, डबा आत नेला तर माझ्या बातम्या?’’ आम्ही म्हणालो, ‘‘दादाजी, टीव्हीच्या मागे तारेची जागा आहे. तार लावून देऊ, बातम्या आधीपेक्षा बऱ्या दिसतील.’’ वायरमनकडून लॅनची तार घेतली, राउटर मधल्या वाटेत माणसाच्या उंचीवर उघड्या फळीवर ठेवला, कपाट भिंतीपासून सरकवले. मागच्या खोलीत २४ आले. परीक्षेसाठी तेवढे पुष्कळ झाले. लॅपटॉप विकण्याची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.

राउटर हलवताना फायबरची बारीक तार कोपऱ्यात दुमडू नका, आत काच असते. ती तार पुरत नसेल तर फायबरवाल्यालाच बोलवा. लॅनची तार मात्र १०० मीटरपर्यंत चालते, म्हणून डबा बाहेर ठेवून तार आतल्या खोलीपर्यंत नेता येते. तिथे जुना पडून असलेला राउटर लावला की आतले वेगळे वायफाय तयार. हल्लीच्या पातळ लॅपटॉपला लॅनचे भोक नसते, त्यासाठी यूएसबीचा जोड मिळतो.

राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला दूर जातो पण सावकाश, दुसरा वेगवान पण भिंतीला घाबरतो. त्याच खोलीत बसणार असाल तर ५ ला जोडा. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जोडणीचा वेग लिहिलेला असतो. तिथे ७२ दिसले तर लॅपटॉप २.४ वर रेंगाळतो आहे असे समजा; ४३३ किंवा ८६६ दिसले तर ५ वर आहे.

शिरवळमध्ये या २.४ चे एक खास दुखणे आहे. एमआयडीसीमुळे भाड्याच्या खोल्या वाढल्या आहेत. एका इमारतीत दहा-बारा राउटर, आणि सगळे एकाच पट्टीवर बोलतात. या पट्टीत एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तीन रस्त्यांवर बारा बैलगाड्या. रात्री सगळे कामावरून परतले की लॅपटॉप अडकतो आणि सकाळी फजरला उठलात तर तोच लॅपटॉप पळतो. फायबरवाल्याला सांगून चॅनेल बदलून घ्या, किंवा ५ वर जा.

राउटरजवळही मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही हळू असतील तर दोष तारेत किंवा कंपनीकडे. डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाश घरापर्यंत येतच नाही, बाहेर कुठेतरी तार तुटली आहे. हायवेच्या कडेला खोदकाम निघाले की हे होते. तक्रार करताना फक्त ‘हळू आहे’ म्हणू नका, वहीतले आकडे तारीख-वेळेसह सांगा आणि डॉकेट नंबर मागून घ्या. त्यावर समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तिथे हा नंबर लागतो. हेही ठाऊक असू द्या की २०२३ पासून आपल्या देशात २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही. त्याआधी ५१२ केबीपीएसही चालत असे.

कंपनीचा नंबर बिलावरून किंवा तिच्या अॅपमधून घ्या, गुगलवर शोधून सापडलेला नको. ‘आम्ही नेट ठीक करतो, हे अॅप टाका’ म्हणून पडदा पाहायला मागणारा माणूस बँकेचे खाते पाहायला आलेला असतो. फसवणूक झालीच तर त्याच घटकेला १९३० वर फोन.

कधी घरात सगळे ठीक असते आणि पलीकडची वेबसाइटच बसलेली असते. २१ मे २०२५ ला राज्यभरातल्या अकरावी प्रवेशाची ऑनलाइन नोंदणी सुरू व्हायची होती आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले; नोंदणी २६ मेपासून सुरू झाली. अशा दिवशी राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नसतो. दुसऱ्या दोन वेबसाइट उघडून पाहा. त्या चालत असतील तर मुलांना ओरडू नका, फॉर्म रात्री उशिरा किंवा पहाटे भरा, आणि शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका.

इतके करूनही राउटरजवळ मोबाइल पळतो आणि लॅपटॉप रेंगाळतोच, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून त्याच मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर घेऊन टाका. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारे भलतेच काही उतरवू नका. मग लॅपटॉप दुसऱ्या दोन घरांच्या वायफायवर चालवून पाहा. तिथेही तसाच मंद निघाला तर वायफायच्या कार्डात दोष असण्याची शक्यता खरी. तेव्हा बिल, खोके आणि वहीचे ते पान घेऊन वॉरंटीच्या मुदतीत दुकानात जा. तिथे दुकानदारासमोर त्याच्याच वायफायवर मोबाइल आणि लॅपटॉप शेजारी ठेवून मोजून दाखवा.