डाउनटाइम मिळत नाही, ही सबब आता पुरे

16 डिसेंबर 2019 पासून आपल्या बँकांना रात्र उरलेली नाही. त्या दिवशी एनईएफटी चोवीस तास सुरू झालं. वर्षभराने, 14 डिसेंबर 2020 ला, आरटीजीएसही त्याच वाटेने गेलं. आयएमपीएस 2010 पासून होतंच, यूपीआय 2016 ला आलं. त्याआधी संध्याकाळी सातच्या सुमारास एनईएफटीची शेवटची बॅच गेली, दिवसअखेरीचं काम आटोपलं, की सर्व्हर रूममधल्या माणसाला पहाटेपर्यंत थोडी उसंत असे. काय दुरुस्ती करायची ती त्या वेळात. आता रात्री अडीच वाजताही कुणीतरी कुठल्या तरी हायवेवर चहाचे वीस रुपये स्कॅन करून देत असतो.

ग्राहक म्हणून मला हे हवंच आहे. पण माझं पोट ज्या कामावर चालतं, त्याची यामुळे पंचाईत झाली. बंगळूरच्या आउटर रिंग रोडवरच्या एका प्रयोगशाळेत मी एसएसडीचं फर्मवेअर तपासते. फर्मवेअर म्हणजे ड्राइव्हच्या पोटातला प्रोग्रॅम. संगणकाला एसएसडी म्हणजे नुसती साठवणीची जागा वाटते, पण तिच्यात स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची रॅम असते आणि कुठला डेटा कुठल्या चिपमध्ये ठेवलाय याचा भलामोठा नकाशा असतो. हा सगळा कारभार फर्मवेअर बघतं. त्यात चुका निघतात, आम्ही त्या दुरुस्त करतो, नवी आवृत्ती बाहेर पडते. आणि मग ती कुणी बसवतच नाही.

का बसवत नाही? ‘डाउनटाइम मिळत नाही.’ बेळगावकडच्या एका छोट्या बँकेतला सिस्टीम सांभाळणारा मुलगा मला अधूनमधून फोन करतो. त्याने खरं काय ते सांगितलं. ‘ताई, बंद करायला परवानगी काढीन हो मी. पण परत चालूच झालं नाही तर? सकाळी दहाला शाखेच्या दारात लोक माझ्या नावाने ओरडतील.’ त्याला मी घाबरट म्हणणार नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही कपाट बंद करून किल्ली खिशात टाकली असती.

पण न बसवण्याची किंमत काय असू शकते, ते नोव्हेंबर 2019 मध्ये जगाला दिसलं. एचपीई कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवलं की, आमच्या सर्व्हरमधले काही एसएएस एसएसडी एकूण 32,768 तास चालले की कायमचे बंद पडतील. ड्राइव्हही गेला, त्यातला डेटाही गेला. 32,768 म्हणजे दोनाचा पंधरावा घात. सोळा बिटांच्या चिन्हांकित आकड्यात 32,767 च्या पुढे मोजताच येत नाही, पुढचा आकडा उलटून ऋण होतो. हिशोब केला तर तीन वर्षं, 270 दिवस आणि आठ तास. मार्च 2020 मध्ये आणखी एक इशारा आला: दुसऱ्या काही ड्राइव्हना 40,000 तासांची मर्यादा. चार वर्षं, 206 दिवस, सोळा तास.

यातली खरी मेख तारखेत आहे. सर्व्हरमध्ये आपण एकाऐवजी चार-सहा ड्राइव्ह बसवतो, ते याच भरवशावर की एक गेला तरी बाकीचे तग धरतील. पण ते सगळे एकाच दिवशी खोक्यातून निघालेले, एकाच दिवशी चालू केलेले असतात. त्यांचे तासही बरोबरच भरतात. पहिला गेला आणि त्याच्या जागी नवा बसवून डेटा उतरवेपर्यंत दुसराही गेला, तर ‘रेड’ म्हणतात त्या या मांडणीची सगळी गणितं वाऱ्यावर. दुरुस्त केलेलं फर्मवेअर वेळेत बसवणं, एवढाच उपाय होता. तो मिळतही होता. प्रश्न फक्त सर्व्हर कोण आणि कधी थांबवणार, एवढाच.

म्हणूनच सर्व्हर न थांबवता फर्मवेअर बदलण्याची सोय मला चैनीची वाटत नाही. आणि ती नवीनही नाही, हे माझ्या व्यवसायाबाहेरच्या लोकांना बहुधा माहीत नसतं. संगणकाने एसएसडीशी कसं बोलायचं ते ठरवणाऱ्या एनव्हीएमई या मानकाच्या 1.2 आवृत्तीत ती 2014 मध्येच आली. ड्राइव्हमध्ये फर्मवेअर ठेवायला कप्पे असतात, जास्तीत जास्त सात. नवी आवृत्ती तुकड्यातुकड्याने ड्राइव्हकडे पाठवायची, रिकाम्या कप्प्यात बसवायची आणि मग हुकूम द्यायचा. हुकमाचे प्रकार असतात: ‘पुढच्या रीसेटला ही वापर’ हा एक आणि ‘आत्ता, या क्षणी वापर’ हा दुसरा. दुसरा दिला की ड्राइव्ह क्षणभर गप्प होतो. संगणक त्याच्याकडची नवी मागणी रोखून धरतो, आतला प्रोसेसर नव्या प्रोग्रॅमवर उडी घेतो आणि अडकलेलं काम पुढे सुरू होतं. वर चाललेल्या डेटाबेसला एखादं उत्तर नेहमीपेक्षा उशिरा आल्यासारखं वाटतं, इतकंच.

बेळगावात, शहापुरातल्या आमच्या घराची कौलं दर मे महिन्यात शाकारली जायची. त्यासाठी कुणी घर रिकामं करत नसे. वर गडी एकेक ओळ उचलत असे आणि खाली आजी फक्त चुलीवरचं भांडं झाकून दोन हात सरकून बसत असे. चालत्या ड्राइव्हचं फर्मवेअर बदलणं याच्याहून फार वेगळं नाही.

अवघड आहे ते वेगळ्याच ठिकाणी. तो जो नकाशा म्हटला, तो एक टेराबाइटच्या ड्राइव्हमध्ये साधारण एक गिगाबाइट रॅम व्यापतो. रीबूट करताना जुना प्रोग्रॅम हा नकाशा नीट मिटून चिपमध्ये ठेवतो आणि नवा तो पुन्हा उघडतो. चालत्या गाडीत मिटायला वेळ नाही. जुन्याने मांडलेला पसारा नव्याला जसाच्या तसा वाचता आला पाहिजे. नव्या आवृत्तीत नकाशाची मांडणीच बदललेली असेल तर हे जमणार नाही. आणि इथे मानक लिहिणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. ड्राइव्हला ‘नाही’ म्हणायची मुभा आहे. ‘या आवृत्तीसाठी रीसेट लागेल’, ‘ठरलेल्या वेळेत हे होणार नाही’, ‘ही आवृत्ती चालवायला मनाई आहे’ अशी वेगवेगळी उत्तरं तो देऊ शकतो. जास्तीत जास्त किती वेळ गप्प राहीन, हेही तो आधीच सांगू शकतो, शंभर मिलिसेकंदांच्या पटीत. आमच्या लॅबमध्ये निम्मा वेळ हे नकार तपासण्यातच जातो. उरलेल्या वेळात आम्ही फर्मवेअर बदलत असतानाच ड्राइव्हची वीज तोडतो. त्यासाठी वेगळं यंत्र आहे, ते रात्रंदिवस टकटक करत हेच करतं. एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस आला की बंगळूरची वीज हे काम फुकटात करते, पण तिच्यावर विसंबून चाचणी लिहिता येत नाही.

ड्राइव्हचं एक बरं असतं, तो क्षणभर गप्प राहिला तरी चालतं. मेमरीचं तसं नाही. प्रोसेसर मेमरीकडून थेट वाचतो, तिथे ‘जरा थांब’ म्हणायला मध्ये कुणी नसतं. इंटेलने ऑप्टेनचे मेमरी मॉड्यूल काढले तेव्हा त्यांच्या फर्मवेअरचा हाच पेच होता. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या लिनक्स 5.9 मध्ये त्यावर मजेदार तोडगा होता. संगणक जणू हायबरनेट होतोय असं भासवून सगळे प्रोग्रॅम आणि उपकरणं गोठवायची, त्या शांततेत मॉड्यूलचं फर्मवेअर बदलायचं आणि लगेच सगळ्यांना जागं करायचं. ऑप्टेनचा धंदा इंटेलने 2022 मध्ये गुंडाळला, पण ती कल्पना टिकली. आता सीएक्सएल नावाच्या जोडणीवर सर्व्हरला बाहेरून मेमरी लावता येते आणि 2023 च्या लिनक्स 6.5 पासून त्या मेमरीचं फर्मवेअरही चालत्या यंत्रात पाठवता येतं. 

यावर समजूतदार माणूस एक आक्षेप घेईल आणि तो घ्यायलाच हवा: क्राउडस्ट्राइक. 19 जुलै 2024 ला भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी त्या कंपनीने एक सदोष फाइल जगभरच्या विंडोज संगणकांवर पाठवली. तीही चालत्या यंत्रातच बसली, कुणाला न विचारता, रीबूट न मागता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. 78 मिनिटांत कंपनीने फाइल मागे घेतली, पण अडकलेल्या संगणकांना त्याचा काय उपयोग? माणसाला बहुतेकांजवळ जाऊन ती फाइल हाताने पुसावी लागली. आमच्या केंपेगौडा विमानतळावर चेक-इनच्या रांगा लांबल्या आणि देशातल्या काही विमानतळांवर बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले गेले.

मग चालत्या यंत्रात हात घालायचाच कशाला? माझं उत्तर असं की, त्या दिवशी घात झाला तो सगळ्यांना एकदम पाठवण्याने. आधी शंभर संगणकांना, मग हजारांना, असं गेलं असतं तर बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटोपली असती. फर्मवेअरलाही हाच नियम. सहा ड्राइव्ह असतील तर आधी एकाचं बदला, दोन-चार दिवस बघा, मग पुढचा. आणि गंमत अशी की, ही सावध चाल न थांबवता बदलण्यानेच परवडते. दर ड्राइव्हला सर्व्हर बंद करावा लागणार असेल तर कुठलाही शहाणा माणूस सहाही एकदमच उरकणार.

रीबूट कधीच करू नये, असं मात्र मी म्हणत नाही. चार-चार वर्षं न थांबलेला सर्व्हर मला अभिमानाने दाखवतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. तो पुन्हा उठेल का, हे तिथल्या कुणालाच सांगता येत नाही. जोडीतला एक सर्व्हर सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बंद करून चालू करावा, दिवस आपण निवडावा. नाहीतर तो वीज मंडळ निवडतं. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2020 मध्ये एचडीएफसी बँकेच्या नव्या डिजिटल योजनांवर बंदी घातली, त्यामागे जी सेवा-खंडांची मालिका होती तिच्यातला ताजा प्रसंग मुख्य डेटा सेंटरमधली वीज गेल्याचाच होता.

सॅमसंग, मायक्रॉन, सॅनडिस्क, इंटेल या सगळ्यांची मोठी केंद्रं बंगळूरमध्ये आहेत. मेमरीचं फर्मवेअर लिहिणारे आणि तपासणारे लोक इथे सकाळी सिल्क बोर्ड चौकातल्या वाहतूक कोंडीत एकमेकांच्या शेजारी अडकलेले असतात. आणि त्याच कोंडीच्या बाजूला असलेल्या दवाखान्यात, सोसायटीच्या कार्यालयात, छापखान्यात आम्ही कधीचीच दुरुस्त केलेली चूक तासामागून तास मोजत बसलेली असते. यात वापरणाऱ्यांचा दोष थोडा. फर्मवेअरची फाइल मिळवायला काही विक्रेते चालू सर्व्हिस करार दाखवायला लावतात, हे मला निखालस चुकीचं वाटतं. आपल्याच चुकीची दुरुस्ती विकत कसली द्यायची? गाडीचा ब्रेक सदोष निघाला तर कंपनी ती परत बोलावते, तेव्हा गाडीमालकाकडे विम्याची पावती मागत नाही.

महाराष्ट्रातल्या नागरी बँका आणि पतसंस्था एकेकट्या छोट्या आहेत, पण निविदा काढतात तेव्हा ग्राहक म्हणून त्यांचं वजन असतं. त्या निविदेत किती टेराबाइट आणि किती वर्षांची वॉरंटी, एवढंच लिहिलेलं असतं. माझं म्हणणं, त्यात आणखी थोडं लिहा. ड्राइव्ह रीसेट न करता फर्मवेअर चालू करतो का? करत असेल तर जास्तीत जास्त किती वेळ गप्प राहतो? लिनक्समध्ये ड्राइव्हची वाट बघायची मुदत मुळात तीस सेकंदांची असते, उत्तर त्याच्या बरंच आत हवं. फर्मवेअरचे कप्पे किती, म्हणजे नवी आवृत्ती बिघडली तर जुनीवर परतता येईल का? आणि वॉरंटी संपल्यावरही सुरक्षेच्या आणि डेटा वाचवण्याच्या दुरुस्त्या फुकट मिळतील का, हे लेखी.

बेळगावच्या त्या मुलाने मागच्या खरेदीच्या वेळी हे प्रश्न विक्रेत्याच्या माणसाला विचारले. ‘असं कुणी विचारत नाही हो,’ असं म्हणून त्याने वहीत टिपून घेतलं आणि ‘वर विचारून सांगतो’ म्हणाला. मुलाने मला फोन केला, आता काय करू? मी म्हटलं, त्याला सावकाश विचारून येऊ दे, तोवर ऑर्डरवर सही करू नकोस.